कौतुकाचे इंग्रजी शब्द: कोणता, कुणासाठी आणि का

आईनं लेकराचं कौतुक केलं, रसिकांनी गायिकेचं कौतुक केलं, साहेबांनी कारकुनाच्या टिपणाचं कौतुक केलं. मराठीत तिन्ही वाक्यं बिनचूक. इंग्रजीत मात्र ‘कौतुक’ म्हटलं की आपल्या हाताशी ‘ॲडमायर’ येतो, आणि तो तिन्ही ठिकाणी घातला की तिन्ही वाक्यं बिघडतात. शब्दकोश उघडावा तर ॲडमायर, रिस्पेक्ट, इस्टीम, रिव्हिअर, व्हेनरेट, ऑनर या सगळ्यांसमोर आदर, मान, कौतुक, पूज्यभाव हेच चार शब्द आलटूनपालटून लिहिलेले. त्यातून निवड कशी करायची ते कळत नाही.

यावरचा चांगला उपाय म्हणजे त्या शब्दाच्या मुळाशी कोणती कृती होती ते पाहणं. एका शब्दात कुणी थक्क होऊन पाहत होतं, दुसऱ्यात किंमत ठरवत होतं, तिसऱ्यात जाता जाता वळून बघत होतं, चौथ्यात दबकत होतं, पाचव्यात टाळ्या वाजवत होतं. शब्द कुणाला लागू पडतो, त्यात किती अंतर राखलेलं असतं, वाक्यात तो कसा बसतो, हे बऱ्याचदा त्या कृतीतून उलगडतं. प्रत्येक वेळी नाही. फसगतीच्या जागाही पुढे येतीलच.

शब्द निवडण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: भाव मनात आहे की तो बोलून दाखवला? मराठीत कौतुक ‘वाटतं’ आणि कौतुक ‘करतात’. शब्द एकच, क्रियापद वेगळं. इंग्रजीत इथे दोन गट पडतात. ॲडमायर, रिस्पेक्ट, इस्टीम, रिव्हिअर हे मनातले. प्रेझ, कमेंड, कॉम्प्लिमेंट, अप्लॉड, लॉड, एक्स्टॉल हे तोंडचे किंवा हातचे. त्यामुळे आपल्या वाक्यात ‘वाटतं’ असेल तर पहिल्या गटाकडे जायचं आणि ‘केलं’ असेल तर दुसऱ्या. ‘आईनं माझं कौतुक केलं’ याचं ‘माय मदर ॲडमायर्ड मी’ होत नाही, ‘माय मदर प्रेझ्ड मी’ होतं. ॲडमायर करणारा माणूस आयुष्यभर एक शब्द न बोलता ॲडमायर करू शकतो. ‘सीक्रेट ॲडमायरर’ हा शब्दप्रयोग त्यामुळेच शक्य होतो. ‘सीक्रेट प्रेझर’ होणार नाही. एवढ्या एका चाळणीनं निम्म्या चुका जातात.

दुसरा प्रश्न: बोलणारा कुठे उभा आहे? मराठी कौतुक वरून खाली छान वाहतं: आजी नातवाचं करते, गुरुजी विद्यार्थ्याचं करतात. ॲडमायर सहसा बरोबरीनं किंवा खालून वर जातो. रिव्हिअर कायम खालून वर, तोही बऱ्याच अंतरावरून. कमेंडला वरचा किंवा निदान अधिकृत सूर असतो, म्हणून शिपायानं साहेबांना ‘आय कमेंड यू’ म्हटलं तर उद्धटपणा होतो. कॉम्प्लिमेंट मात्र बरोबरीचा, सहज.

ॲडमायर: थक्क होऊन पाहणं

लॅटिन ‘आद्‌मिरारी’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहून नवल वाटणं. ‘आद्’ म्हणजे कडे, आणि ‘मिरारी’ हे क्रियापद ‘मिरुस’ म्हणजे अद्भुत या विशेषणावरून आलेलं. शब्द फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत रुळला तेव्हा त्यात आदर असेलच असं नव्हतं. केवळ नवल होतं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये, प्रकटीकरणाच्या सतराव्या अध्यायात, रक्तानं धुंद झालेली बाबिलोनची स्त्री पाहून लेखक म्हणतो की मला मोठं ‘ॲडमिरेशन’ वाटलं. तिथे त्याचा अर्थ निव्वळ अचंबा; त्या बाईचं कौतुक वाटण्याचा प्रश्नच नाही. त्याच सुमारास लिहिलेल्या शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये फर्डिनंड नायिकेला ‘ॲडमायर्ड मिरांडा’ म्हणतो. मिरांडा या लॅटिन रूपाचा अर्थच ‘जिचं नवल वाटावं अशी’, त्यामुळे ती हाक म्हणजे शब्दावरची कोटी आहे. उद्गारचिन्हालाही जुन्या इंग्रजी व्याकरणांत ‘नोट ऑफ ॲडमिरेशन’ म्हणत.

याच कुळात मिरॅकल, मार्व्हल, मिरर आणि मिराज येतात. सीटस तारकासमूहातला कधी दिसणारा, कधी नाहीसा होणारा ‘मीरा’ हा तारासुद्धा याच कुळातला, संत मीराबाईंशी त्याचा संबंध नाही. भाषाशास्त्रज्ञ ‘मिरुस’चं मूळ ज्या आदिम धातूत शोधतात त्याच धातूतून इंग्रजी ‘स्माइल’ आणि संस्कृत ‘स्मि’ आले. म्हणजे आपले स्मित आणि विस्मय हे ॲडमायरचे दूरचे नातलग ठरतात. खुद्द ‘कौतुक’ही याच वाटेनं आलेलं आहे: संस्कृतात ते कुतूहल आणि नवल, जुन्या मराठीतही नवल, आणि आज वाखाणणी.

याचा व्यवहारात उपयोग असा. पाहण्याचा अर्थ शब्दातून अजून गेलेला नाही, म्हणून ॲडमायर माणसांइतकाच देखाव्यांना, इमारतींना, चित्रांना लागतो. घाटात गाडी थांबवून आपण ‘व्ह्यू’ ॲडमायर करतो. तिथे रिस्पेक्ट, इस्टीम किंवा रिव्हिअर चालत नाही.

दुसरं, चालू काळ. ‘आय ॲम ॲडमायरिंग युअर गार्डन’ हे बरोबर, कारण मी आत्ता बागेकडे टक लावून पाहतो आहे. ‘आय ॲम ॲडमायरिंग यू’ म्हटलं तर मी तुमच्याकडे टक लावून पाहतो आहे असाच अर्थ निघतो, आणि समोरचा माणूस सदऱ्याला काही लागलंय का बघू लागतो. भाव सांगायचा तर साधा वर्तमानकाळ: ‘आय ॲडमायर यू’.

तिसरं, कारण जोडायचं असेल तर ‘फॉर’: ‘आय ॲडमायर हर फॉर हर पेशन्स’. किंवा थेट गुणच कर्म करा: ‘आय ॲडमायर हर पेशन्स’. दुसरी रचना आटोपशीर, लेखनात तीच बरी. ‘आय ॲडमायर दॅट शी इज पेशंट’ कानाला अडखळतं. नामापुढेही ‘फॉर’च: ‘ॲडमिरेशन फॉर’.

किंमत करणारे: इस्टीम, ॲप्रिशिएट, प्रेझ

हे घराणं बाजारातलं. लॅटिन ‘आयस्तिमारे’ म्हणजे मोल ठरवणं. त्यातून इस्टीम आला, एस्टिमेट आला, आणि जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत ‘एम’ म्हणजे नेम धरणं हाही आला. इस्टीममध्ये म्हणून भावनेचा उमाळा नसतो; पारखून दिलेला दर्जा असतो. क्रियापद म्हणून तो आज जुनाट वाटतो, ‘आय इस्टीम हिम’ कुणी म्हणत नाही. चालतो तो नाम म्हणून: ‘ही इज हेल्ड इन हाय इस्टीम’, आणि अर्थातच ‘सेल्फ-इस्टीम’. नोकरीच्या अर्जात आपण ‘युअर इस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ लिहितो. भारताबाहेर पाठवायच्या अर्जातून तो शब्द काढून कंपनीचं नाव लिहावं. चूक नाही, पण पत्राला शंभर वर्षांपूर्वीचा वास येतो.

लॅटिन ‘प्रेतिउम’ म्हणजे किंमत. त्यातून प्राइस, प्रेशस, प्रेझ, ॲप्रेझ आणि ॲप्रिशिएट. ॲप्रिशिएटचे तीन अर्थ वेगवेगळे पाठ करण्यापेक्षा किंमत हा शब्द मनात धरावा. डॉलरच्या तुलनेत रुपया ‘ॲप्रिशिएट’ झाला म्हणजे त्याची किंमत वाढली. ‘आय ॲप्रिशिएट युअर हेल्प’ म्हणजे तुमच्या मदतीची किंमत मला कळते. ‘आय ॲप्रिशिएट दॅट यू आर बिझी, बट…’ म्हणजे तुमच्या अडचणीचं वजन मी जाणतो. इथे कौतुकाचा लवलेश नाही आणि पुढे ‘तरीपण’ येणार हे नक्की. ऑफिसातल्या मेलमध्ये हे तिसरं वाक्य वाचून खूश होऊ नये.

या शब्दाच्या दोन चुका आपल्याकडे फार. एक, ‘सर ॲप्रिशिएटेड मी’. सरांनी कौतुक ‘केलं’ असेल तर ‘सर प्रेझ्ड मी’ किंवा ‘सर प्रेझ्ड माय वर्क’. माणसालाच कर्म करून ‘आय ॲप्रिशिएट यू’ म्हणायची पद्धत अमेरिकन बोलण्यात वाढली आहे, पण तिचा अर्थ ‘तुझा आभारी आहे’, शाबासकी नव्हे. दोन, विनंतीच्या वाक्यातला ‘इट’ गाळणं. ‘आय वुड ॲप्रिशिएट इफ यू रिप्लाय’ हे अपुरं आहे, कारण ॲप्रिशिएट सकर्मक आहे. किंमत करायची ती कशाची, हे हवंच. ‘आय वुड ॲप्रिशिएट इट इफ यू कुड रिप्लाय बाय मंडे’ असं लिहा.

प्रेझ हा या तिघांत सर्वांत सरळ. ‘प्रेझ समवन फॉर समथिंग’. नाम अगणनीय, म्हणून ‘मेनी प्रेझेस’ नाही, ‘अ लॉट ऑफ प्रेझ’. अपवाद एका वाक्प्रचाराचा: ‘सिंग समवन्स प्रेझेस’ म्हणजे कुणाचे गोडवे गाणं, तिथे अनेकवचनच. ॲप्रिशिएशनही या अर्थानं अगणनीय, त्यामुळे स्मृतिचिन्हावर ‘अ टोकन ऑफ ॲप्रिशिएशन’ असं एकवचन कोरून घ्यावं. कोरल्यावर दुरुस्ती होत नाही.

वळून पाहणारे: रिस्पेक्ट आणि रिगार्ड

‘रेस्पिकेरे’ या लॅटिन क्रियापदात ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. दुर्लक्ष न करता मान वळवून बघणं हा रिस्पेक्टचा मूळ भाव. ‘स्पेकेरे’चं कूळ प्रचंड आहे: आत बघतो तो इन्स्पेक्टर, खालून चोरून बघणं म्हणजे सस्पेक्ट, वरून खाली बघणं म्हणजे डिस्पाइझ. संस्कृतातले पश्यति, स्पष्ट आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ याच धातूचे, आणि इंग्रजी ‘स्पाय’ही जर्मानिक बाजूनं तिथूनच आलेला.

रिस्पेक्टमध्ये आवडीची अट नाही हे नीट ध्यानात ठेवावं. सिग्नल, कायदा, कुणाचा खासगीपणा हे सगळं रिस्पेक्ट करायचं असतं, ॲडमायर नव्हे. ‘आय रिस्पेक्ट युअर डिसिजन’ म्हणजे निर्णय मला पटलेला नसला तरी आड येणार नाही. ‘आय ॲडमायर युअर डिसिजन’ म्हणजे तो मला भावला. राजीनाम्याच्या उत्तरात या दोहोंची अदलाबदल झाली की गैरसमज ठरलेला. प्रतिस्पर्धी वकिलाला रिस्पेक्ट करता येतं, ॲडमायर न करता. एखाद्या चोराची चलाखी ॲडमायर करता येते, चोराला रिस्पेक्ट न करता.

‘कोणत्या बाजूनं पाहतो’ या छटेतून ‘विथ रिस्पेक्ट टू’ आणि ‘इन धिस रिस्पेक्ट’ आले. तिथे अर्थ ‘संदर्भात’, ‘बाबतीत’. आणि ब्रिटिश सभेत कुणी ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणून सुरुवात केली तर पुढे विरोध येतो आहे असं समजावं; ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ असेल तर कडक विरोध. पत्राच्या मायन्यात ‘रिस्पेक्टेड सर’ ही ‘आदरणीय महोदय’ची सावली आहे. देशात चालून जाते, बाहेर ‘डिअर सर’ पुरतं आणि नाव ठाऊक असेल तर नावच बरं.

रिगार्डही वळून बघण्यातलाच, फक्त त्यातला ‘गार्ड’ जर्मानिक आहे: लक्ष ठेवणं, राखण करणं. ‘रिवॉर्ड’ हा याच शब्दाचा जुळा भाऊ, उत्तर फ्रान्सच्या बोलीतून आलेला. रिगार्डमध्ये सर्वाधिक चुकतो तो शेवटचा ‘स’. ‘विथ रिगार्ड टू’ यात ‘स’ नाही. ‘ॲज रिगार्ड्स’ यात आहे. पत्राखाली ‘रिगार्ड्स’ लिहिताना आहे, कारण तिथे अर्थ नमस्कार-चमत्कार.

धाक, भक्ती आणि पूजा

रिव्हिअरच्या पोटात भीती आहे. लॅटिन ‘वेरेरी’ म्हणजे बिचकणं, धाक वाटणं. डॉ. आंबेडकरांना कोट्यवधी लोक ‘रिव्हिअर’ करतात, हे वाक्य चपखल आहे. नव्या टीम-लीडरला रिव्हिअर करतो असं लिहिलं तर ते विनोदी किंवा लाचार वाटतं. हयात, रोज भेटणाऱ्या माणसासाठी हा शब्द सहसा टाळावा. ‘लुक अप टू’ त्यासाठी पुरेसा आहे.

‘ऑ’ हा स्कँडिनेव्हियन शब्द, जुन्या नॉर्समध्ये ‘अगी’, अर्थ दहशत. तो क्रियापद म्हणून क्वचितच येतो. ‘ही वॉज इन ऑ ऑफ हिज गुरू’ अशी रचना करावी. ‘दरारा’ हा मराठी शब्द जवळचा वाटतो, पण दरारा गुरूंचा असतो आणि ऑ शिष्याला वाटतो, म्हणून वाक्याचा कर्ता फिरवून घ्यावा लागतो. या शब्दाच्या दोन लेकरांकडे बघा: ऑफुल आणि ऑसम. दोघांचाही मूळ अर्थ धाक वाटावा असा. आज पहिला ‘भिकार’ या अर्थी आणि दुसरा ‘भारी’ या अर्थी. मुळावरून आजचा अर्थ हमखास सांगता येतो असं मानणाऱ्यानं ही जोडी कायम जवळ ठेवावी.

व्हेनरेट तर आणखी चकवतो. त्याचं मूळ ‘व्हीनस’मध्ये, म्हणजे प्रेम आणि अभिलाषा यांत, संस्कृत ‘वांछा’ आणि इंग्रजी ‘विश’ हे त्याच कुळातले. आज मात्र या घोळक्यातला सर्वांत थंड, विधीचा शब्द हाच. तो संत, अवशेष, प्राचीन वास्तू, परंपरा यांना लागतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात यामागे नेमका भेद आहे: 787 सालच्या निसिआच्या दुसऱ्या परिषदेनं प्रतिमांना द्यायचा मान आणि केवळ देवाची करायची आराधना यांत फरक केला. म्हणून जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन सुमारे दहा वर्षांनी खुलं होतं, 2024-25 मध्ये झालं तसं, तेव्हा इंग्रजी बातमीत भाविक अवशेषांना ‘व्हेनरेट’ करतात असं लिहायचं; ‘वर्शिप’ लिहिलं की कॅथलिक वाचक हरकत घेणारच. मराठीत आपण दोन्हीकडे ‘पूजा’ किंवा ‘भक्ती’ लिहून मोकळे होतो. ‘व्हेनरेबल’ ही संतपदाच्या वाटेवरची एक अधिकृत पायरीही आहे: पिलारच्या फादर आग्नेल यांना ती मिळालेली आहे, तर जोसेफ वाझ त्या पुढे जाऊन 2015 मध्ये संत घोषित झाले. तेव्हा गोव्यातल्या एखाद्या वयोवृद्ध पाद्रींना नुसत्या आदरापोटी ‘व्हेनरेबल’ लिहू नये.

अडोअर हा ‘आद्’ अधिक ‘ओरारे’, म्हणजे उद्देशून बोलणं, प्रार्थना करणं. ओरेशन आणि ओरॅकल त्याची भावंडं. चर्चमधला अर्थ अजून टिकून आहे, पण बोलीत तो इतका सैल झालाय की आंब्यापासून मांजरापर्यंत काहीही अडोअर करता येतं. मोठ्या माणसानं आपल्या शिक्षकांविषयी, वरिष्ठांविषयी तो वापरू नये. त्यात लाड किंवा प्रेमप्रकरण डोकावतं. ‘अडोरेबल’ तर फक्त बाळं आणि पिल्लं यांच्यासाठी राखून ठेवावा.

वर्शिप अस्सल इंग्रजी: ‘वर्थ’ अधिक ‘शिप’, म्हणजे योग्यतेचा भाव, ‘फ्रेंडशिप’सारखाच घडलेला. देवाशी त्याचा संबंध नंतर घट्ट झाला. इंग्लंडमध्ये मॅजिस्ट्रेटला ‘युअर वर्शिप’ म्हणतात ते जुन्या अर्थानं, त्यात पूजाअर्चा नाही.

तोंडानं आणि हातानं

अप्लॉडच्या मुळाशी ‘प्लाउदेरे’, टाळी वाजवणं. गंमत म्हणजे ‘एक्सप्लोड’ही त्यातूनच आला: नाटक आवडलं नाही की प्रेक्षक टाळ्या पिटून, हुर्यो करून नटाला रंगमंचावरून हाकलत, ते ‘एक्स-प्लाउदेरे’. बाँबशी तो शब्द पुष्कळ उशिरा जोडला गेला. ‘प्लॉझिबल’ म्हणजे एके काळी टाळ्या घेण्याजोगं, आज नुसतं पटण्याजोगं.

कमेंड म्हणजे मुळात सोपवणं, हवाली करणं. अधिकाराची छटा आजही आहे. लष्करात ‘कमेंडेशन कार्ड’ देतात ते वरिष्ठच देतात. रचना ‘कमेंड समवन फॉर’. लॉड हा मथळ्यांचा शब्द, जागा कमी लागते म्हणून वृत्तपत्रांना प्रिय. बोलताना वापरला तर बातमी वाचल्यासारखं वाटतं. एक्स्टॉल म्हणजे उचलून धरणं, आणि त्याच्यापुढे बहुधा ‘द व्हर्च्यूज ऑफ’ येतं.

कॉम्प्लिमेंटशी मात्र सावध. देवनागरीत आणि कानाला सारखे वाटणारे दोन शब्द आहेत: मधल्या जागी आय अक्षर असलेला तो प्रशंसेचा, ई असलेला तो पूरक या अर्थाचा. ‘कम्प्लीट’च्या स्पेलिंगमध्ये ई आहे, म्हणून पूर्ण करणारा तो ईवाला. नाटकाचा फुकट पास ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहायचा तो आयवाला. रचना ‘कॉम्प्लिमेंट समवन ऑन’, इथे फॉरपेक्षा ऑन रूढ. गणेशोत्सवाच्या अहवालातल्या जाहिरातींवर ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’ छापतात तिथे स्तुती नसते, ‘शुभेच्छांसह’ एवढाच अर्थ.

युलॉजी हा ग्रीक, अक्षरार्थ ‘चांगलं बोलणं’. आजच्या इंग्रजीत तो प्रामुख्यानं अंत्यविधीचं भाषण. निवृत्तीच्या समारंभात ‘युलॉजी’ जाहीर केली तर सत्कारमूर्तींना घाम फुटेल. ट्रिब्यूट म्हणजे मूळची खंडणी, हरलेल्यानं जेत्याला द्यायची; हयात माणसालाही ‘पे ट्रिब्यूट टू’ चालतं, पण आपल्याकडे ते श्रद्धांजलीशी इतकं जुळलंय की मराठी श्रोत्यांसमोर टाळलेलं बरं.

स्तुती हाताबाहेर गेली की फ्लॅटरी येते. तरी ‘आय ॲम फ्लॅटर्ड’ हे कौतुक ऐकल्यावरचं सभ्य उत्तर आहे आणि ‘फ्लॅटरिंग फोटो’ म्हणजे माणूस आहे त्याहून बरा दिसणारा फोटो. दोन्हींत निंदा नाही. ॲड्युलेशनचं मूळ लॅटिनमध्ये कुत्र्याच्या लाळघोटेपणाशी जोडलेलं, त्यामुळे त्यात कायम नापसंती. सायकोफंट अथेन्समध्ये खोटे खटले भरणारा होता, इंग्रजीत तो खुशमस्कऱ्या झाला. ग्रीक शब्दाचा अक्षरार्थ ‘अंजीर दाखवणारा’ आहे खरा, पण त्यावरून अंजिरांच्या चोरट्या व्यापाराची जी कथा फिरते तिला भक्कम आधार नाही.

एका मुळाची, वेगळ्या स्वभावाची विशेषणं

‘एबल’ शेपटीचा शब्द ज्याला मान मिळावा त्याचा, आणि ‘फुल’, ‘इंग’, ‘टिव्ह’ शेपटीचे शब्द जो मान देतो त्याचे, असा ढोबळ नियम. कामगिरी ‘ॲडमिरेबल’, नजर ‘ॲडमायरिंग’. प्रयत्न ‘लॉडेबल’, भाषण ‘लॉडेटरी’. श्रोते ‘ॲप्रिशिएटिव्ह’, ‘ॲप्रिशिएबल’ मात्र स्तुत्य नव्हे, मोजण्याइतपत, लक्षणीय.

सगळ्यात घातक त्रिकूट रिस्पेक्टेबल, रिस्पेक्टफुल, रिस्पेक्टिव्ह. पहिला म्हणजे अब्रूदार, आणि क्रिकेटच्या धावसंख्येला लावला तर ‘बऱ्यापैकी’. दुसरा म्हणजे इतरांना आदर देणारा. तिसरा म्हणजे ज्याचा त्याचा. आदरणीय म्हणायचं असेल तर यातला एकही नको, ‘रिस्पेक्टेड’ हवा. ‘रेव्हरंड’ ही पाद्रींची पदवी, ‘रेव्हरंट’ म्हणजे भक्तिभावानं वागणारा. ऑनरच्या ब्रिटिश स्पेलिंगमधला यू ‘ऑनरेबल’मध्ये राहतो, पण ‘ऑनररी’ आणि ‘ऑनरेरियम’मध्ये गळतो. एच उच्चारात नसल्यानं आर्टिकल ‘ॲन’. शिवाय ऑनरचा एक रोकडा अर्थ ‘पाळणं, वटवणं’: 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 मध्ये चेकचा ‘डिसऑनर’ येतो तो हाच.

मूळ स्वतः कसं शोधावं

आधी शब्द क्रियापदाच्या साध्या रूपात आणा आणि चांगल्या शब्दकोशात नोंदीच्या तळाशी असलेला ‘ओरिजिन’ वाचा. मग उपसर्ग सोडवा. इथे मराठी वाचकाचा हात वर राहतो, कारण संधी आपल्याला ठाऊक असते. ‘उत्’ पुढे ‘ल’ आला की उल्लास होतो, तसंच ‘आद्’पुढे ‘प’ आला की ‘आप्प’. ॲप्रिशिएट आणि अप्लॉडमध्ये दोन पी का, याचं हे उत्तर. अडोअरमध्ये पुढे स्वर आला, म्हणून डी एकच. कमेंड म्हणजे ‘कॉम’ अधिक ‘मांदारे’, म्हणून दोन एम. रेकमेंडमध्येही दोन एम, पण सी एकच, कारण ‘रे’ नंतर जोडलेला.

त्यानंतर शब्द इंग्रजीत कधी आला ते पाहा आणि एका दुसऱ्या कोशाशी ताडून घ्या. दिसायला सारख्या शब्दांवर विसंबू नका. ‘ॲडमिरल’चा ॲडमायरशी रक्ताचा संबंध नाही, तो अरबी ‘अमीर अल्’पासूनचा, म्हणजे आपल्या अमीर-उमरावांचा. लॅटिन लेखनिकांनी ‘ॲडमिरेबल’च्या धर्तीवर त्यात डी घुसडला. शेवटी आजचा वापर तपासायला भाषासंग्रह उघडा: ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्दांचा मजकूर आहे. त्यात क्रियापद आणि प्रिपोझिशन एकत्र शोधून पहिली वीस-तीस वाक्यं वाचली की कर्म कोण आहे, माणूस की काम, ते उघड होतं.

एक मसुदा, दुरुस्तीसह

शाळेतल्या निरोप समारंभाचं इंग्रजी भाषण बहुधा असं लिहिलं जातं. पहिलं वाक्य: ‘वी ऑल आर ॲडमायरिंग सर’. दुरुस्त: ‘वी ऑल ॲडमायर सर फॉर हिज पेशन्स’, चालू काळ गेला, कारण आलं. दुसरं: ‘ही इज अ व्हेरी रिस्पेक्टफुल टीचर’. सर नम्र आहेत असा त्याचा अर्थ होतो. ‘अ हायली रिस्पेक्टेड टीचर’ हवं. तिसरं: ‘ही ऑलवेज ॲप्रिशिएटेड अस’. सर पाठ थोपटत असत ना? मग ‘ही नेव्हर फेल्ड टू प्रेझ गुड वर्क’. चौथं: ‘वी अडोअर्ड हिज डिसिप्लिन’. शिस्तीची आवड कुणालाच नव्हती, धाक होता. ‘वी वेअर इन ऑ ऑफ हिज डिसिप्लिन’ हे खरंही आहे आणि इंग्रजीही. पाचवं: ‘आय ॲम हॅपी टू गिव्ह धिस युलॉजी’. तिथे ‘आय ॲम हॅपी टू से अ फ्यू वर्ड्स इन सर्स ऑनर’. आणि शाल-श्रीफळ देतानाच्या वाक्यातला ‘टोकन ऑफ अवर ॲप्रिशिएशन्स’ मधला शेवटचा ‘स’ खोडून टाका.